काळ्या पडद्यामागचा ढावलो

सुमित्रा, तुझा कंप्यूटर चालू आहे आणि मी तुझ्या खुर्चीत बसले आहे. काम चाललंय की अडकलंय, काही कळायला मार्ग नाही. काळ्या पडद्यावर मी लिहिलेली एक ओळ आहे, तिच्याखाली ती छोटी रेघ लुकलुकतेय, बस्स. टक्के नाहीत, हिरवी पट्टी नाही, "कृपया थांबा" नाही. तू सांगायचीस, "काम चालू हाय तवर तो बोलत न्हाई. झालं की डॉलरची खूण दाखवतो. तवर आपण गप बसायचं." मला गप्प बसता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? मग तुझ्या खणातून गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर तुझ्याशी बोलायला घेतलं.

तू जाऊन अजून आठवडाही झालेला नाही. बाहेर सतरंजीवर माणसं आहेत. काही इथली, सेनगावातली, काही तांड्यावरून जीप भरून आलेली. आपल्या शाळेतल्या दोघी-तिघी निवृत्त बायाही आहेत. मी दार लावून रडत असेन असं समजून कुणी आत येत नाही, ते बरंच आहे.

ओट्यावर तुझी याडी बसली आहे. तुमच्यात आईला याडी म्हणतात, पण आता सगळं गावच तिला याडी म्हणतं. आज सकाळी तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "माय, तिचा आवाज हाय का तुज्यापाशी?" मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "लग्नात गायली न्हाई ती. गप जीपमदी जाऊन बसली. आता बी गप गेली."

काय सांगू तिला? तुमच्यात मुलगी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, तो ढावलो. तू शिकलेली, नोकरीला लागलेली. तुला तेव्हा लाज वाटली आणि तू तशीच निघून गेलीस. याडीने ते इतकी वर्षं पोटात ठेवलं. मी तिला "हाय" म्हटलं नाही आणि "न्हाई"ही म्हटलं नाही. कारण आवाज आहे. तुझा ढावलोच आहे. तो माझ्या गळ्यात पडून गायलीस म्हणून फक्त मला ठाऊक आहे. तो या यंत्रात आहे, यंत्राला कुलूप आहे आणि कुलपाचा परवलीचा शब्द तू कुणालाही सांगून गेली नाहीस. मी यंत्राचा निरोप न घेता उठते म्हणून माझ्यावर चिडायचीस ना? त्याच वाटेने आज मी आत शिरले आहे. ओळीने सांगते, नाहीतर माझंच डोकं फिरेल.

अजून डॉलर नाही.

शाळेत आपण राठोडबाई आणि कदमबाई होतो. अहोजाहो, डबा वाटून खाणं, आणि वेळापत्रकात माझा मराठीचा तास तू गणितासाठी पळवलास की दिवसभर अबोला. निवृत्तीनंतर तू मला "तू" म्हणायला लागलीस, आणि अबोला धरायची सोयही गेली. त्याच सुमारास तुला हे वेड लागलं. तांड्यांवरच्या म्हाताऱ्या बाया जातायत, त्यांच्याबरोबर ढावलोही जातोय, नव्या पोरींना तो येत नाही आणि यावासा वाटतही नाही. तू फोन घेऊन गावोगाव फिरायला लागलीस. जीप मिळाली तर जीप, नाहीतर एस.टी. आणि मला घेऊन. मी कशाला? तर "तू सोबत असली की बाया हसतेत."

हसायच्याच. त्या औंढ्याकडच्या तांड्यावर आपण गेलो होतो, आठवतं? ती दात नसलेली म्हातारी फोनकडे बघून म्हणाली, "ह्याच्याकडं बघून गाऊ? ह्याला गळा हाय का? लगीन न्हाई, नवरी न्हाई, कुनाच्या गळ्यात पडू?" तू पुष्कळ समजावलंस. ती ढिम्म. मग तू माझ्याकडे वळलीस. मला कळायच्या आत मी बाजेवर बसवली गेले आणि ती म्हातारी माझ्या गळ्यात पडून गायला लागली. मला एक शब्द कळत नव्हता. तिच्या हाडांचा भार, तंबाखूचा वास आणि कानाशी तो हेल. मी अशी रडले की तू नंतर मुद्दाम अहोजाहो करत म्हणालीस, "कदमबाई, तुमी त्या बिचारीचं गाणं बुडवलं."

तेव्हापासून तीच रीत पडली. गाणारी कुणीही असो, गळा माझा. तुझ्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये मी आहे, नाक ओढण्याच्या रूपाने. तू ते कापून काढणार होतीस. मी म्हटलं, काढ. तू काढलं नाहीस.

फोन प्रत्येक रेकॉर्डिंगला स्वतःच्या मनाने नाव देतो, नुसते आकडे. कोणती म्हातारी कोणत्या आकड्यात आहे ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. तुला त्यांना बाईचं आणि तांड्याचं नाव लावायचं होतं. माउसने एकेक करत बसलीस आणि कंटाळलीस. मग तुझ्या अविनाशच्या कुणा मित्राने ही फुकटातली प्रणाली तुझ्या जुन्या कंप्यूटरवर टाकून दिली, त्यात हा काळा पडदा निघाला. इथे म्हणे एका ओळीत शंभर नावं बदलता येतात. तू व्हिडिओ बघून शिकलीस, चुकत चुकत शिकलीस, आणि जेमतेम शिकलीस तोवर मला शिकवायला बसलीस. हा तुमचा गणितवाल्यांचा आगाऊपणा.

माझा पहिला धडा. तू म्हणालीस, एल लिही, एस लिही, एंटर दाब. मी दाबलं. यंत्र इंग्रजीत खेकसलं की असली आज्ञा सापडत नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा खेकसलं. तू चष्मा वर करून जवळ आलीस. "पूर्णविराम काहून देऊन राहिली?"

"वाक्य संपलं म्हणून."

तू टेबलावर डोकं ठेवून हसलीस. त्यानंतर कितीतरी दिवस बाजारात, दवाखान्यात, कुठेही भेटलीस की विचारायचीस, "आज पूर्णविराम दिला का न्हाई?"

पण शिकवायचीस छान. वर्गात होतीस तशीच. आधी विचार की मी कुठे आहे. मग विचार की इथे काय काय आहे. मगच पाऊल टाक. "आमचे लोक बैलं घेऊन निघायचे तवा हेच विचारायचे," असं तू म्हणायचीस, आणि मी म्हणायचे, प्रत्येक गोष्टीत तुझे बैल आणू नकोस. अक्षर चुकलं की तू हात पुढे करायची नाहीस, पाठीमागे बांधून उभी राहायचीस. मी चिडायचे. माउस दे म्हणायचे. तू माउस खणात टाकून खण लावायचीस. आणि पुसून टाकण्याचा जो शब्द आहे तो मला कधीच शिकवला नाहीस. "तो विचारत न्हाई आन् परत देत न्हाई. तुझ्यासारख्या घाईच्या बाईला तो शिकवायचाच न्हाई." आज तुझे उपकार मानते. इतका वेळ इथे बसले आहे, पण काही पुसलं जाणार नाही एवढी एकच खात्री आहे, कारण ते मला येतच नाही.

आपलं भांडण मात्र शेवटच्या शब्दावर झालं. काम संपलं की 'एक्झिट' लिहून बाहेर पडायचं. मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही. आपण कुणाच्या घरातून उठताना "जाते" म्हणतो का? माझ्या सासूने एकदा नव्या सुनेला त्यावरून उंबऱ्यावरून परत बोलावून बसवलं होतं. "येते" म्हणायचं असतं. तू म्हणालीस, "अगं, ते यंत्र हाय. त्याला काय अपशकुन व्हतो?" मी म्हटलं, यंत्राला नाही, तुझ्या घराला. तुझ्या घरात बसून "जाते" असं माझ्या हाताने लिहिणार नाही.

"तुमच्यात जाते म्हनायची चोरी," तू म्हणालीस, "आन् आमच्यात गळ्यात पडून गाऊन सांगायचं की चालले. तुमीच घाबरट."

"मग त्याला 'येते' शिकव."

"असले लाड कंप्यूटर करत न्हाई. एक्झिट म्हंजे एक्झिट."

मग मी नुसतंच उठायचे. तुझी ती तीन बटणं एकदम दाबून रंगीत पडद्यावर यायचं आणि काळा पडदा मागे तसाच उघडा ठेवायचा. नंतर तू जाऊन बंद करायचीस आणि बडबडायचीस. मी दारातून "येते" म्हणायचे. तू खुर्चीतूनच, मान न वळवता, "ये गं" म्हणायचीस. चिडलेली असलीस तरी म्हणायचीस.

ढावलोचं भांडण वेगळं. मी म्हणायचे, तू इतक्या म्हाताऱ्यांकडून शिकलीस, आता याडीसमोर एकदा गा, तिचं समाधान होऊ दे. तू टाळायचीस. सूर बसला नाही, मधली ओळ चुकते. एका पावसाळी दुपारी तू दार लावलंस, फोन टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "गळा दे." मी खुर्ची सरकवून बसले. तू माझ्या गळ्यात हात टाकलेस आणि गायलीस. मधेच आवाज फाटला, मधेच तू विसरलीस, पुन्हा तिथूनच धरलंस. मी नेहमीसारखी रडले. उठलीस, डोळे पुसलेस आणि पहिलं वाक्य काय, तर "तू नाक लई ओढती." म्हणालीस, हे याडीला ऐकवू, पण आधी सगळ्यांना नावं लावू दे, मग एकदमच.

मी म्हटलं होतं, आधी नक्कल करून ठेव. साठवणीची ती नवी डबी, हार्ड डिस्क, आणून लावली आहेस, ती रिकामी आहे. तू म्हणालीस, "बिननावाचा ढीग डबीत कोंबायचा न्हाई. घर झाडल्यावर सामान लावतेत." सुमित्रा, या एका बाबतीत माझंच बरोबर होतं. आणि ते तुला सुनावायची सोय ठेवली नाहीस, याचा मला राग येतो. खरंच येतो. रडू येतं त्याच्या आधी येतो.

त्या शेवटच्या दिवशी मी आले तेव्हा तू काळा पडदा पाठीआड करून काहीतरी लिहीत होतीस. मी डोकावले तर म्हणालीस, "थांब ना, काहून घाई करून राहिली." मग यंत्राला नाव सांगून नव्याने आत शिरलीस आणि मला बसवलंस. आपण थोडी नावं लावली. भजी खाल्ली. मी उठले, तीन बटणं दाबली, दारातून "येते" म्हणाले. तू "ये गं" म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तुला जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. परत आणलं ते असं. त्या धावपळीत कंप्यूटर बंद करायचं कुणाला सुचणार?

आज सकाळी अविनाश खोली आवरायला आला. भला मुलगा आहे तुझा, बापाविना वाढलेला, पुण्यात नोकरी करतो, रडून डोळे सुजलेले. म्हणाला, "मावशी, हा बंद करतो आता. उघडायचा पासवर्ड कोनालाच म्हाईत न्हाई. फॉरमॅट मारून शाळेला देऊन टाकू, आईला आवडलं असतं." त्याचा हात बटणाजवळ गेला होता. मी अशी किंचाळले की तो मागे सरला.

मला एवढं ठाऊक होतं की एकदा बंद झालं की संपलं. तू त्या बायांना वचन दिलं होतंस. ढावलोत त्या बापाला बोलतात, भावाला बोलतात, सासरचं काढतात. ते त्यांच्या घरच्यांच्या हाती लागू नये म्हणून तू अख्ख्या यंत्रालाच कुलूप घातलंस, चालू करतानाच शब्द मागणारं. रंगीत पडद्यालाही कुलूप पडलेलंच होतं. तिथे तुझं नाव आणि रिकामी चौकट. अविनाशने स्वतःची जन्मतारीख लिहून बघितली. तुझी. याडीच्या तांड्याचं नाव. काही नाही.

मग मला माझं खरकटं आठवलं. उघडा टाकलेला काळा पडदा. त्याला आपोआप कुलूप पडत नाही. मी अविनाशला म्हटलं, बाजूला हो. तीन बटणं दाबली. आणि होतं तिथेच होतं सगळं. तुझं नाव, डॉलरची खूण, लुकलुकणारी रेघ. वर आपण त्या दिवशी लावलेली नावंसुद्धा. मी खुर्चीत बसलेच.

मी कुठे आहे, विचारलं. इथे काय काय आहे, विचारलं. आकडेच आकडे. तुझा ढावलो कोणता? मग तू शिकवलेलं आठवलं, ताजं ते आधी दाखव असंही विचारता येतं. विचारलं. सगळ्यात वर एक आकडा आला, त्या पावसाळी दुपारचा. हात लावायची भीती वाटली. मग सगळाच्या सगळा ढीग त्या डबीत उतरव, असं सांगणारी ओळ लिहिली. दोनदा चुकले. एकदा पूर्णविराम दिला होता.

तर हे असं चाललंय. आणि आता लाईट गेली.

यंत्र चालू आहे, इन्व्हर्टरवर. पण इन्व्हर्टर शिट्टी मारतोय. तुझा इन्व्हर्टर म्हातारा झालाय, हे तू दर उन्हाळ्यात म्हणायचीस आणि दर उन्हाळ्यात राहून जायचं. मी बाहेर जाऊन ओरडून येते.

आले. दारात उभी राहून ओरडले, "सगळे पंखे बंद करा! दिवे बंद करा! काही चालू ठेवू नका!" सतरंजीवरचे सगळे माझ्याकडे बघत राहिले. इतकं उकडतंय, माणसं लांबून आली आहेत, आणि ही बाई पंखे बंद करा म्हणते. एक काकू शेजारणीला म्हणाल्या, "तांड्यावर असं असंल, पंखा लावत नसतेल सुतकात." तांड्यावरच्या बाया म्हणाल्या, "कदमाच्यात असंल." तेवढ्यावर सगळ्यांनी मुकाट्याने पंखे बंद केले आणि पदराने वारा घेत बसले. तू असतीस तर महिनाभर हसली असतीस. मी एकटी किती हसू?

शिट्टी थांबत नाही. रेघ लुकलुकतेय. मी याडीला काही कबूल केलेलं नाही ते बरं केलं. नाही झालं तर तिला कळणारही नाही. मला कळेल. मी रोज तिच्या समोर जाईन, ती विचारेल, आवाज हाय का, आणि मी म्हणेन न्हाई, आणि माझ्या गळ्याला तुझे हात आठवत राहतील. अगं, लवकर कर. तुला नाही, त्याला सांगतेय. तुलाही सांगतेय.

उरलेलं हे घरी बसून लिहितेय, दुसऱ्या दिवशी. कालचं तिथेच तुटलं, कारण डॉलर आला. नुसता आला, गाजावाजा काही नाही. डबीत जाऊन विचारलं, इथे काय काय आहे. सगळे आकडे होते. तू शिकवलेला सावधगिरीचा तो एक शब्दही लिहिला, सगळं नीट उतरलं ना याची खात्री करणारा. मग डबी काढून पदरात धरून बाहेर गेले.

बाकीचे ढावले माझ्या कपाटात ठेवले आहेत, साड्यांखाली, किल्ली माझ्याकडे. त्या बायांना दिलेलं तुझं वचन मी मोडलेलं नाही. त्यातून फक्त तुझा काढून अविनाशच्या लॅपटॉपवर घेतला. लॅपटॉप ओट्यावर याडीच्या पुढ्यात ठेवला. पंखे बंदच होते, त्यामुळे तिला नीट ऐकू आलं.

तुझा आवाज आला तेव्हा अविनाश उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. याडी हलली नाही. पदर दातांत धरून ऐकत होती. तू मधली ती ओळ विसरलीस तिथे ती एकदम म्हणाली, "हितं चुकली." आणि लॅपटॉपकडे बघत, तुझ्या आवाजावर आपला आवाज चढवत, ती ओळ बरोबर गायली. तू त्यात थांबलेली होतीस, ती जागा तिने भरली, आणि मग तू पुढे धरलंस. कुणी ठरवून केलं असतं तर जमलं नसतं.

संपल्यावर तिने विचारलं, "हे कोन नाक ओढून राहिलं?"

"मी," म्हटलं.

"तुज्या गळ्यात पडून गायली?"

"व्हय, याडी."

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. मला वाटलं, रागावली, की आईचा गळा असताना हिचा काहून. मग तिने माझ्या मानेवर हात ठेवला, खरबरीत. म्हणाली, "मंग बरं. गळा व्हता म्हनजे." आणि तेव्हा ती रडली. इतके दिवस रडली नव्हती, तांड्याच्या बायांनी नंतर सांगितलं.

मलाही ते तेव्हाच कळलं बघ. मी त्या दुपारी तो सराव समजले होते. तू मला सांगून निघालीस, तुमच्या रीतीने, गळ्यात पडून, आणि मी नाक ओढत बसले. तुला तरी ठाऊक होतं का? नसेल. मला तसं मानायचंही नाही. पण लग्नात न गायलेलं तू कुणापुढे तरी गायलीस आणि ती मी होते, एवढं मला पुरतं. पुरत नाही, पण पुरवीन. मनात आलं होतं ते तुला कधी म्हटलं नाही: निवृत्तीनंतर मी घरात बसून खंगले असते. तू मला जीपमध्ये कोंबलंस, काळ्या पडद्यासमोर बसवलंस, शिव्या देऊन शिकवलंस. मी तुला एकदाही बरं म्हटलं नाही. उलट दर वेळी म्हटलं की माझा वेळ खातेस.

अविनाशला म्हटलं, आता खुशाल बंद कर, शाळेला दे. मग मीच त्याला थांबवलं. मी उघडं टाकलं होतं, आवरते.

खोलीत आले. डॉलरची खूण होती, रेघ लुकलुकत होती. 'एक्झिट'ची चार अक्षरं आता तरी लिहावीत म्हणून बोटं ठेवली. नाही जमलं. तुझ्या घरात बसून, तुझ्या खुर्चीत, नाहीच जमलं. मग मनात आलं, निदान तुझ्या यंत्राचं खेकसणं एकदा ऐकून उठावं, पहिल्या दिवसासारखं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं: येते. पूर्णविराम दिला नाही. एंटर दाबलं आणि असली आज्ञा सापडत नाही हे वाचायला चष्मा सावरला.

ते आलं नाही. खाली एक ओळ उमटली, इंग्रजी अक्षरांत, छोटी.

ये गं.

क्षणभर राहिली. मग पडदा साफ झाला आणि वर कोपऱ्यात, आत यायचं असेल तर नाव सांगा, एवढीच विचारणा उरली.

म्हणजे त्या दिवशी पडदा पाठीआड करून तू त्याला हे शिकवत होतीस. कंप्यूटर लाड करत नाही म्हणे.

मी मोठ्याने हाक मारणार होते तुला. मारलीच बहुतेक, कारण अविनाश दारात येऊन विचारत होता, "काय झालं मावशी?" मी म्हटलं, काही नाही रे, लाईट आली असेल तर पंखे लाव आता, माणसं उकडून गेली.